वाढत्या अंगाचं

"काकू, एवढी मोठी टाकी कशाला घेताय? याला जेवढं भांडं द्याल ना, तेवढंच वाढतं हे. छोटं भांडं, छोटं कासव. मेंटेनन्स पण कमी."

नाशिकच्या कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीतल्या दुकानातला तो मुलगा हे बोलला तेव्हा त्याचं माझ्याकडे लक्षही नव्हतं. कुणाच्या तरी गप्पी माशांच्या पिशवीत हवा भरून तो तिच्या तोंडाला रबर गुंडाळत होता. दुसरा शनिवार होता, बँकेला सुट्टी होती. माझ्या हातात दिवाळीच्या लाडवांचा प्लास्टिकचा डबा. झाकणाला दाभण तापवून भोकं पाडलेली आणि आत ओल्या फडक्यावर आमची टिकली. डबा हलला की तिच्या नखांचा खरखर आवाज यायचा आणि शेजारी उभी असलेली एक लहान मुलगी आईच्या मागे सरकायची. मी मान डोलावली. "हो का?" असंही म्हणाले बहुतेक. दीड फुटाची एक टाकी हाताने ठोकून पाहिली, किंमत विचारली आणि काहीच न घेता बाहेर पडले. स्कूटरवर बसून सिग्नलपर्यंत आले असेन, तेवढ्यात ते वाक्य पुन्हा आठवलं. मग घरी जाऊन कुकर लावताना, रात्री कपड्यांच्या घड्या करताना. दाढेत शेंगदाण्याचं फोलपट अडकावं तसं. जिभेने कितीही काढायला जा, ते तिथेच.

खरं तर मला राग त्या मुलाचा आला नव्हता. तो म्हणाला ते खोटं आहे हे मला पक्कं माहीत होतं, आणि तरी मी मान डोलावली होती.

टिकली आमच्याकडे आली ती लेकीच्या वाढदिवसाची भेट म्हणून. बारावीतल्या मैत्रिणींनी वर्गणी काढून आणलेली. गोल काचेचं भांडं, त्यात रंगीत खडे, मधोमध प्लास्टिकचं नारळाचं झाड आणि त्याच्या बुंध्याशी हिरवा ठिपका वाटावा एवढं पिल्लू. आमटीच्या वाटीत आरामात मावलं असतं. डोळ्यामागे लाल पट्टा, अगदी कुंकवाचं बोट ओढल्यासारखा, म्हणून टिकली. या जातीचं नाव रेड-इअर्ड स्लायडर. कान म्हणजे तो लाल पट्टा. आणि स्लायडर का, तर मूळच्या मुलखात, अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या खोऱ्यात, ही कासवं पाण्यात पडलेल्या ओंडक्यांवर ऊन खात बसतात आणि जरा चाहूल लागली की सटकन घसरून पाण्यात जातात. आमच्या भांड्यात घसरायला काही नव्हतं. नारळाच्या झाडाखाली बसायला जागा होती, पण ती कायम ओली. तिथून चार बोटांवर समोरची काच.

लेक इंजिनिअरिंगला पुण्याला गेली. जाताना गिटार नेली, सायकल मामेभावाला देऊन टाकली, आणि टिकलीबद्दल मला म्हणाली, "आई, प्लीज, फक्त हॉस्टेलची चार वर्षं." तोवर टिकलीचं भांडं दोनदा बदललं होतं. गोल काचेनंतर माझ्या सासूबाईंचं इनॅमलचं जुनं तसराळं, त्यानंतर शेजारच्यांनी माशांचा नाद सोडला तेव्हा त्यांची दोन फुटी टाकी. प्रत्येक वेळी हाताशी जे होतं ते. भाडेकरूला मालकाने मागच्या पडवीतून जिन्याखाली आणि जिन्याखालून माळ्यावर हलवत राहावं, तसं. आणि प्रत्येक नव्या जागी पहिल्या दिवसापासून तेच: पुढचे दोन्ही पाय काचेला लावून सरळ पोहत राहायचं. पुढे जायचं नाही, मागे यायचं नाही. टक्, टक्, मग नखांची एक लांब खर्र. मला आधी वाटायचं, मला बघून नाचते. येणाजाणाऱ्यांनाही मी कौतुकाने तेच सांगायचे. पुढे कळलं की कासवाला काच ही भिंत आहे हेच समजत नाही. पलीकडे जागा दिसते, मग जायचं का नाही? तासन्‌तास ते त्याच प्रयत्नात असतं. रात्री हॉलमधला दिवा घालवला की आवाज आणखी स्पष्ट यायचा. नवरा कूस बदलून म्हणायचा, "तुझी टायपिस्ट लागली कामाला."

तर, जेवढं भांडं तेवढंच. मला आमच्या आईची आठवण आली. जून आला की मेन रोडवर गणवेश घ्यायला जायचं. दुकानदार माझ्या खांद्याला कापड लावून माप काढायला लागला की आई म्हणायची, "वाढत्या अंगाचं द्या हो, दोन वर्षं जायला हवं." मग तो फ्रॉक गुडघ्याखाली चार बोटं यायचा, आई त्याची खालची पट्टी आत दुमडून टाके घालायची, आणि वर्षभराने ती उसवली की दुमडलेल्या जागी मूळच्या गडद निळ्या रंगाची एक रेघ दिसायची. बूट घेतले की पुढच्या टोकात कापूस. मला त्या ढगळ कपड्यांची लाज वाटायची. पण आईच्या हिशेबात एक गोष्ट ठरलेली होती: अंग वाढणार, आणि फ्रॉकने त्याची वाट बघायची. उलटं कधी तिच्या मनातही आलं नसेल.

आम्ही मात्र १९९८ साली इंदिरानगरात तिसऱ्या मजल्यावर वन बीएचके घेतला तो 'पुढचं पुढे बघू' म्हणत. पुढचं पुढेच राहिलं. जेवायचं टेबल घडीचं घेतलं. लेकीचं कपाट गॅलरीच्या दाराआड. नवऱ्याला पेटीची हौस होती, ती पेटी भावाकडे सिडकोत ठेवली आणि तिकडे जाणंच होईना. मी एकदा प्रमोशन नाकारलं, कारण बदली मालेगावला होती आणि घराची घडी बसलेली होती. तक्रार नाही. पण आमच्या हौसा कधी त्या ५४० चौरस फुटांच्या मापाच्या झाल्या ते कळलं नाही एवढं खरं. म्हणजे माणसांच्या बाबतीत तो मुलगा फारसा चुकत नव्हता. खुपत होतं ते हेच असावं.

कासवाच्या बाबतीत तो चुकत होता हे मला डिसेंबरातच कळलं होतं. त्या आठवड्यात निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या रोज येत होत्या. द्राक्षबागांमध्ये रात्री शेकोट्या पेटवतात, मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून, आणि पहाटे त्या बाजूने येणाऱ्या बसमध्येही धुराचा वास असतो. आमच्याकडे टिकलीने खाणं सोडलं. दोन दिवस, चार दिवस. पाचव्या दिवशी तिचे डोळे सुजून मिटले. मी तिला त्याच लाडवांच्या डब्यात घालून जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. बाहेर बाकावर एक लॅब्रडॉर, दोन मांजरी आणि मी. डॉक्टरांनी आधी टिकलीला हात लावलाच नाही. मलाच विचारलं, "पाणी किती गरम असतं?" मी म्हटलं, नळाचं असतं तसं. त्यांनी घरी मोजायला लावलं. १६ अंश निघालं. या जातीला पाणी २४ ते २७ अंश लागतं, आणि अंग शेकायला जी कोरडी जागा, ती ३२ ते ३५. कासवाचं रक्त आपल्यासारखं आतून तापत नाही. बाहेरून ऊब मिळाली तरच पोटातलं पचतं. मग विचारलं, "ऊन?" मी अभिमानाने सांगितलं, खिडकीशीच ठेवते की. "काचेतून?" हो, काचेतूनच. ते हसले नाहीत. साध्या काचेतून उजेड येतो, ऊब येते, पण उन्हातला जो भाग कासवाला हवा, अल्ट्राव्हायोलेट बी (यूव्हीबी), तो काचेतच अडकतो. तो नाही तर डी जीवनसत्त्व तयार होत नाही, ते नाही तर कॅल्शियम अंगी लागत नाही. त्यांनी अंगठ्याने पाठीची कड हलकेच दाबली. मलाही दाबायला लावली. ओलसर पापडाची कड दाबावी तशी ती किंचित आत गेली.

तीन वर्षं मी त्या पाठीला हात लावत होते. कडक पाठ कशी लागते हे मला माहीतच नव्हतं.

मग त्यांनी तिला उलटं करून पुढच्या पायांची नखं पाहिली. नराची नखं लांबलचक असतात, शेपूट जाड. हिची नखं आखूड. "बाई आहे," ते म्हणाले, "म्हणजे मोठी होणार. दहा इंच, कदाचित बारा. ताटाएवढी धरा. पाठीच्या एका इंचाला ४० लिटर पाणी असा ढोबळ हिशेब असतो." टिकली तेव्हा पाच इंच भरली. शेजाऱ्यांच्या त्या टाकीत काठोकाठ भरलं तरी ५० लिटर मावत नव्हतं. लहान भांड्यात कासव लहान राहतं का, हेही मी विचारलं होतं, कारण लेकीने कुठेतरी वाचलं होतं. ते म्हणाले, वाढ खुंटते, पण ती घाणेरड्या पाण्याने, निकस खाण्याने, ऊन नसल्याने. पाठ वेडीवाकडी होते, हाडं ठिसूळ होतात. भांड्याकडे बघून शहाण्यासारखं थांबलं असं होत नाही. वयाचं विचारलं तर म्हणाले, नीट ठेवलं तर तीस वर्षं सहज. मी ५१ ची आहे. हिशेब मनातल्या मनात झाला आणि मी तो तिथेच सोडून दिला.

जानेवारी दिव्यांमध्ये गेला. पाण्यात हीटर, त्याला प्लास्टिकची जाळी, कारण कासव उघड्या हीटरला धडक देऊन काच फोडतं. वर शेकायचा दिवा. शेजारी यूव्हीबीची नळी. ही नळी फसवी वस्तू आहे. सहा महिन्यांत, फार तर वर्षात, तिच्यातलं ऊन संपतं, पण उजेड पहिल्यासारखाच पडत राहतो. दिवा लागलेला दिसतो म्हणून आपण निर्धास्त. मी तिच्या टोपणावर मार्करने तारीख लिहून ठेवली. आधी अंग वाळवायला कोरडी जागाच नव्हती, ती विटेवर वीट रचून केली. डोळे उघडले, टिकली खायला लागली. पाण्यात टाकलेलंच खाते, कारण या कासवांना पाण्याबाहेर घास गिळता येत नाही. पण पन्नास लिटरांतली ती घाण! दोन दिवसांत पाणी गढूळ, वरती तेलकट साय, आणि हॉलमध्ये दलदलीचा वास. पाणी बदलायचं ते बाथरूममध्येच, स्वयंपाकघराच्या बेसिनमध्ये चुकूनही नाही, आणि नंतर साबणाने हात. कासवांच्या अंगावर साल्मोनेलाचे जंतू असतात. अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांपेक्षा लहान पाठीची कासवं पाळायला विकायला बंदी आहे ती त्याचमुळे. लहान मुलं ती तोंडात घालायची. आमच्या लेकीच्या मैत्रिणींनी आणलं ते दीड इंचाचं होतं. असो. नवऱ्याने वीजबिल बघितलं आणि शांतपणे म्हणाला, "घरात गिझर दहा मिनिटांवर आणि कासवाला चोवीस तास हीटर." तरी रात्री थर्मामीटर बघायला उठायचा तोच.

म्हणजे त्या शनिवारी दुकानात जाताना मला सगळं माहीत होतं. किती लिटर, किती अंश, किती वर्षं. आणि 'मेंटेनन्स कमी' हे दोन शब्द ऐकल्यावर माझ्यातलं काहीतरी चटकन सैल पडलं. दीड फुटी टाकी ठोकून पाहणारा हात माझाच होता.

शहाणपण सांगणारे आणखीही होते. तळमजल्यावरच्या काकूंकडे पितळी कासव आहे, ताटलीत पाणी घालून उत्तरेकडे तोंड करून ठेवलेलं. त्यांच्या मते जिवंत कासव तर दुप्पट शुभ, फक्त दिशा पाळा. (टिकली दिशा पाळत नाही.) माझ्या बँकेच्या शाखेतल्या शिपाईकाकांनी सांगितलं, "मॅडम, गोदावरीत सोडून द्या ना. त्याचंही कल्याण, तुम्हालाही पुण्य." हे ऐकायला इतकं सोपं आणि सुंदर वाटतं की एका संध्याकाळी मी खरंच रामकुंडावरून पुढे गाडगे महाराज पुलाखाली जाऊन उभी राहिले. डबा नेला नव्हता, नुसती बघायला. पाण्यावर निर्माल्याची पिशवी फिरत होती, पायरीवर एक बाई कपडे आपटत होत्या. हे कासव इथलं नाही. जगातल्या सगळ्यात उपद्रवी शंभर परक्या जीवांच्या यादीत याचं नाव आहे. जिथे सोडलं तिथे ते तग धरतं, खायला आणि ऊन खायच्या जागांना तिथल्या कासवांशी भांडतं, आपले रोगही देतं. गोदावरीला आपली कासवं आहेत, मऊ पाठीची, लांब नाकाची. त्यांना घरात ठेवलं तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तुरुंग, आणि त्यांच्या घरात हे नेऊन सोडलं तर पुण्य, हा हिशेब काही मला जमला नाही. युरोपने १९९७ मध्ये या जातीची आयात बंद केली ती असल्या पुण्यामुळेच. मी घाटावर चहा घेतला आणि परत आले.

मग टाकी करायचीच ठरलं. चार फूट लांब, दीड रुंद, दीड उंच अशी काचेची करून घ्यायची, म्हणून अंबडजवळ एकाकडे गेले. त्याच्या शेडमध्ये नुकत्याच जोडलेल्या टाक्या उभ्या होत्या आणि सगळीकडे व्हिनेगरचा वास, लोणच्याच्या कारखान्यात आल्यासारखा. सिलिकॉन वाळताना तसा वास येतो म्हणे. माणूस मनापासून काम करणारा. काचेची जाडी, खाली थर्माकोलचा पत्रा का घालायचा (टेबल सूतभर जरी उंचसखल असलं तरी भार एका कोपऱ्यावर येऊन काच तडकते), सगळं समजावून सांगितलं. मी खूश होऊन दिरांना फोन केला. ते सिव्हिल इंजिनिअर.

"वहिनी, पाणी किती?"

"काठोकाठ भरलं तर अडीचशे लिटर."

"म्हणजे अडीचशे किलो. अधिक काच, अधिक स्टँड. घराचा स्लॅब एका चौरस मीटरला २०० किलो धरून डिझाइन करतात. तुमची टाकी अर्ध्या मीटरवर तीनशे ठेवणार."

"चार माणसं एका जागी उभी राहतातच की, भावजी."

"राहतात. पण ती रात्री आपापल्या घरी जातात."

संध्याकाळी ते स्वतः आले, टेप घेऊन. हॉलच्या मध्यात नाही, भिंतीला लागून, खाली बीम आहे तिथे चालेल. गॅलरीत ठेवायचं तर कठड्याकडे अजिबात नाही, आतल्या भिंतीच्या कुशीत, आणि पाणी कमी. आता पेच असा की बीमजवळचा कोपरा अंधारा. तिथे सगळं आयुष्य दिव्यांवर. गॅलरी पूर्वेची, सकाळचं सरळ ऊन, काच नाही काही नाही, पण ती कशी पेलणार? आणि काचेचीच टाकी केली तर चार फुटांवर पुन्हा तेच, टक्, टक्, खर्र. आम्ही तिघं गॅलरीत उभे राहून विचार करत होतो. तेवढ्यात नवऱ्याचं लक्ष समोरच्या इमारतीच्या गच्चीवर गेलं. तिथे जुन्या काळ्या पाण्याच्या टाकीचा खालचा अर्धा भाग कापून कुणीतरी त्यात कढीपत्ता लावला होता.

पाचशे लिटरची टाकी, भंगारवाल्याकडची, झाकणापाशी तडकलेली. तळापासून दोन फुटांवर कापली की तीन फूट व्यासाचं गोल काळं घंगाळ उरतं. चौदा इंच पाणी ठेवलं तर साधारण २३० लिटर, आणि वर दहा इंच कोरी भिंत, चढून पळता येऊ नये म्हणून. आरपार दिसत नाही, म्हणजे काचेचा प्रश्न मिटला. दिरांनी भिंतीच्या कुशीतली जागा खडूने आखून दिली आणि पाण्याची रेघ स्वतः मारली, "याच्या वर एक तांब्यासुद्धा नाही." प्लंबरने ग्राइंडरने टाकी कापली तेव्हा जळक्या प्लास्टिकचा वास जिन्यापर्यंत गेला. कड पॉलिश पेपरने घासून मी तिला जुन्या बागेच्या नळीची किनार चिरून बसवली. पीव्हीसीच्या पाइपांचा एक माचा केला, त्यावर शहाबादी फरशीचा तुकडा, खरखरीत बाजू वर, आणि पाण्यात उतरणारा उतार. कावळ्यांसाठी आणि बोक्यासाठी वर जाळीचं झाकण. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चाळिशीला जातो, उथळ पाणी तापायला वेळ लागत नाही, म्हणून अर्ध्या भागावर हिरवी शेडनेट, पिंपळगावच्या एका मैत्रिणीने बागेतली उरलेली दिलेली. हीटर आणि शेकायचा दिवा पुढच्या थंडीसाठी बाजूला ठेवले.

पाणी भरलं त्या संध्याकाळी मी कडेला वाकून बघितलं. गोल काळी भिंत, खाली काळं पाणी, पाण्यात माझं डोकं. हे मी आधी पाहिलेलं होतं.

पंचवटीत माझ्या आजोळच्या वाड्यात आड होता. मागच्या चौकात, तुळशीच्या पलीकडे, दगडी काठाचा. दोराच्या घासण्याने काठावर बोटभर खोल चरे पडलेले. आत वाकलं की थंड, शेवाळी वास तोंडावर यायचा आणि आवाज दिला की तो जरा जाड होऊन परत यायचा. त्या आडात कासव होतं. कुणी सोडलं माहीत नाही, आजीच्या आधीपासून होतं. आडात कासव असावं, त्याने पाणी जिवंत राहतं, किडे-अळ्या होत नाहीत, असं सगळेच म्हणायचे. दुपारी सामसूम झाली की आम्ही पोरं काठावर पालथी पडून वाट बघायचो. खूप वेळाने पाण्यावर एक टोक यायचं, नाकाचं, एवढंसं, आणि वर्तुळं उमटायची. आजी म्हणायची, कासवी पिल्लांना दूध पाजत नाही, नुसतं नजरेने वाढवते. मी विचारायचे, मग हिची पिल्लं कुठेत? आजी म्हणायची, "पोहरा ओढ."

पुढे वाड्यात नळ आला. दोन वर्षांत आड कुणी वापरेनासं झालं, त्यात कचरा पडायला लागला, पोरंबाळं वाकतात म्हणून भीती. एका मे महिन्यात आम्ही गेलो तर आडावर शहाबादी फरशी. सिमेंट ताजं होतं. तिच्यावर आजीने कुरडया वाळत घातल्या होत्या. मी त्या सुट्टीत फरशीवर बसून सागरगोटे खेळले, पत्ते खेळले. कासवाचं काय झालं हे मी विचारलं नाही. तेव्हाही नाही, वाडा पाडून तिथे इमारत झाली तेव्हाही नाही. आता आड होता तिथे पार्किंग आहे.

मामा ८१ वर्षांचे आहेत. त्यांना फोन केला. आधी म्हणाले, "कुठलं कासव?" मग थोडं थांबून, "हां, ते. दादांनी तीन दिवस टोपली सोडली होती आडात, भाकरीचे तुकडे घालून. बसलं तर वर ओढायचं आणि गंगेत सोडायचं. एकदा बसलंही म्हणे, पण अर्ध्यात आल्यावर टोपली कलली. चौथ्या दिवशी गवंडी आला."

"मग?"

"मग काय, गवंडी आपला रोज बुडवून किती वेळ बसेल? हवेला एक भोक ठेवलं होतं बरं का. पाइपाएवढं."

मी काही बोलले नाही. मामाच म्हणाले, "तू का विचारतेस आज?" मी टिकलीचं सांगितलं. टाकी कापली, फरशी बसवली, इंचाला ४० लिटर, सगळं. ते ऐकत होते की झोपले कळेना.

फिल्टरचा पंप घ्यायला पुन्हा त्याच दुकानात गेले. मुलाने ओळखलं. "काकू, घेतली का छोटी टाकी?" मी मोबाइलवर फोटो दाखवला. त्याने तो दोन बोटांनी मोठा केला, माच्याचे जोड नीट बघितले. "हे भारीये. पण असं सांगायला लागलो तर माझं एकही विकलं जाणार नाही." त्याच्यामागे एका घमेल्यात चाळीसेक हिरवी पिल्लं एकमेकांच्या पाठीवर चढत होती. पंपावर त्याने मला पन्नास रुपये कमी केले. का, ते मी विचारलं नाही.

टिकली पहिल्या रात्री गॅलरीत गेली आणि मला मध्यरात्री जाग आली. आवाज नव्हता. पाच मिनिटं तशीच पडून ऐकत राहिले, मग टॉर्च घेऊन गेले. फरशीचा तुकडा रिकामा. पाणी स्थिर. जाळीवर हात ठेवून उभी राहिले, आणि बऱ्याच वेळाने मधोमध एक टोक वर आलं, दोन बारीक छिद्रं, एक श्वास, आणि वर्तुळं कडेपर्यंत गेली. सकाळी ती फरशीवर होती. चारही पाय लांब ताणलेले, मान पूर्ण बाहेर, मागचे तळवे उन्हाकडे पसरलेले. पाठीवरचा एक पापुद्रा सुटला होता, नखासारखा पारदर्शक, त्यावर खवल्याची नक्षी जशीच्या तशी. मी तो उचलून पासबुकाच्या प्लास्टिकमध्ये ठेवला. वाकून जरा जवळ गेले, तर सटकन पाण्यात घसरली.

तीन वर्षांत पहिल्यांदा.

मामांना फोटो पाठवला, शेजारी पट्टी ठेवून. तेरा सेंटिमीटर आणि वर नखभर. दोन दिवस काही उत्तर नाही. मग नातवाकडून करवून घेतलेला आवाजी निरोप आला, आधी बराच वेळ नुसती खरखर आणि मागे कुकरची शिट्टी.

"बघितलं गं. लहान आहे अजून. आपलं ताटाएवढं होतं."